श्रावण आणि गटारी

एचएसआर म्हणजे होसूर-सर्जापूर रोड. बेंगळुरूच्या या वसाहतीत श्रावण दोनदा सुरू होतो. उत्तर भारतीय शेजाऱ्यांचा पौर्णिमान्त पंचांगाप्रमाणे आधी. आमचा आणि कानडी शेजाऱ्यांचा अमान्त पंचांगाप्रमाणे पंधरा दिवसांनी. मधली आषाढ अमावास्या कानडी घरांत 'भीमन अमावास्ये' म्हणून येते. बायका दिव्यांची पूजा करून नवऱ्यासाठी दीर्घायुष्य मागतात. मराठी घरांतही दिवेच पूजले जातात, पण त्याच दिव्याच्या अवसेला पिणाऱ्या मंडळींनी 'गटारी' करून टाकले. उद्यापासून महिनाभर बंद, म्हणून आज यथेच्छ.

या बंदीला मराठीत साधा शब्द आहे: श्रावण पाळणे. एरवी व्रतवैकल्यांकडे न फिरकणारेही तो पाळतात.

दारू सोडवण्याचा दुसरा मार्ग महाराष्ट्राने पाहिला तो चळवळीचा आणि कायद्याचा. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पाठिंब्याने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहत होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी आणली. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम झाला. कायद्याला कायमचा त्याग हवा होता, पण प्रकृतीच्या कारणासाठी पिण्याचा परवाना देण्याची सोयही त्यातच होती! पुढे बंदी सैल झाली. श्रावण मात्र टिकला. त्याला शेवट होता, आणि आळीतले दहाजण तो एकदमच पाळत असल्यामुळे 'घे रे एक' म्हणणारे कोणी उरत नव्हते.

हीच युक्ती २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये 'ड्राय जानेवारी' या नावाने आली, आणि तिथे तिचे मोजमापही झाले. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नियमित पिणाऱ्या ९४ जणांनी महिनाभर दारू सोडली होती. त्यांचे वजन सरासरी दीड टक्क्याने घटले, वरचा रक्तदाब साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरला आणि इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध सुमारे पाव हिश्शाने कमी झाला. पीत राहिलेल्या ४७ जणांत असा फरक दिसला नाही.

महिना संपल्यावर सगळे व्याजासकट वसूल होते का? ससेक्स विद्यापीठाच्या रिचर्ड डी व्हिसर यांनी २०१६ मध्ये मांडलेल्या ८५७ जणांच्या पाहणीत उलटे दिसले: सहा महिन्यांनंतरही लोक आधीपेक्षा कमी पीत होते. अर्थात हे सारे आपणहून पुढे आलेले लोक होते.

एक गोष्ट मात्र श्रावण सांगत नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी थांबणे धोक्याचे असते. हातापायांना कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो, कधी जिवावरही बेतते. अशा माणसाला व्रत नव्हे, डॉक्टर हवा. एचएसआरहून होसूर रस्त्याने शहराकडे निघाले की निम्हान्स लागते; व्यसनमुक्तीचे उपचार तिथे होतात. आणि पुण्यात अनिता व अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहेच.

बाकीच्यांसाठी आजोबांचा श्रावण पुरेसा आहे. फक्त त्याच्या दारातली गटारी तेवढी गाळावी. त्या अवसेला शेजारणीने दिवा लावून मागितलेले मागणे आणि आपण पाळायचा महिना, दोन्ही एकाच गोष्टीसाठी आहेत.