नकाशातली तुटक रेषा

भूगोलाच्या तासाला 'सांकेतिक चिन्हे' हा भाग बहुधा पाठांतरात संपतो. क्रूस म्हणजे चर्च, त्रिकोण म्हणजे त्रिकोणमितीय ठाणे, निळे वर्तुळ म्हणजे विहीर. विद्यार्थी चिन्हे पाठ करतात, चार गुण मिळवतात आणि विसरतात. पण ही चिन्हे कोणी ठरवली? अमुक गोष्टीला चिन्ह मिळाले आणि तमुक गोष्टीला मिळाले नाही, असे का झाले? हे प्रश्न विचारले की नकाशा इतिहासाचे साधन होतो. कधी कधी तर तो शेताच्या वाटेचा पुरावाही होतो. पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीच्या परिसराकडे या दृष्टीने पाहू. त्याआधी थोडे दूर, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये जाऊन यावे लागेल.

एक इंच, एक मैल

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील परगण्यांचे नकाशे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यांचे नकाशे, बरेचसे एकमेकांवरून उतरवलेले असत. १७५९ मध्ये लंडनच्या कलासंस्थेने, सोसायटी ऑफ आर्ट्‌सने, एक इंचाला एक मैल या प्रमाणात नव्याने मोजणी करून काढलेल्या परगण्याच्या नकाशासाठी १०० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. ते पहिल्यांदा मिळवणारा बेंजामिन डॉन याचा डेव्हन परगण्याचा नकाशा १७६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे फ्रान्सच्या आक्रमणाच्या भीतीने सरकारनेच हे काम अंगावर घेतले. १७९१ मध्ये तोफखान्याच्या खात्याखाली मोजणी सुरू झाली आणि १८०१ मध्ये केंट परगण्याचा नकाशा बाहेर पडला. ऑर्डनन्स सर्व्हे या नावातला 'ऑर्डनन्स' म्हणजे तोफखाना. खाजगी नकाशाकारही मागे नव्हते. ख्रिस्टोफर ग्रीनवुडने १८१७ पासून पुढची सुमारे पंधरा वर्षे अनेक परगण्यांचे देखणे नकाशे छापले.

या नकाशांच्या कोपऱ्यात 'स्पष्टीकरण' नावाची चौकट असे. तिच्यात चर्च, किल्ले, जुने मठ, पवनचक्क्या, पाणचक्क्या, कालवे, जंगले, माळराने आणि हद्दी यांची चिन्हे दिलेली असत. रस्ते दोन प्रकारचे. टोल देऊन वापरायचा रस्ता दोन समांतर रेषांनी दाखवत आणि त्यातली एक रेषा जाड काढत. बाकीच्या आडरस्त्यांच्या दोन्ही रेषा बारीक. घोडागाडीने प्रवास करणाऱ्याला खडीचा, निगा राखलेला रस्ता कोणता, हे एका नजरेत कळे.

चौकटीत नसलेल्या गोष्टीही बोलक्या आहेत. जमीनदारांचे वाडे आणि त्यांच्या बागा नकाशावर ठळक असत, कधी मालकाच्या नावासह. खाजगी नकाशांचा खर्च आगाऊ वर्गणीतून निघे आणि वर्गणीदारांत हेच लोक मोठ्या संख्येने असत. शेतमजुरांची घरे मात्र काळ्या ठिपक्यांपलीकडे जात नसत. म्हणजे नकाशा कोणासाठी काढला आहे, हे त्याची चिन्हेच सांगतात.

डोंगर कसा काढायचा?

सपाट कागदावर उंची दाखवणे ही जुनी अडचण. पूर्वी डोंगर बाजूने पाहिल्यासारखा, वारुळासारखा काढत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नकाशांवर उताराच्या दिशेने काढलेल्या आखूड रेघा दिसतात. यांना आपण उताररेघा म्हणू. उतार तीव्र असेल तर रेघा जाड आणि दाट, सौम्य असेल तर बारीक आणि विरळ. सॅक्सनीतल्या योहान लेमानने १७९९ मध्ये या रेघांना निश्चित नियम दिले.

पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर या पद्धतीने काढायला विद्यार्थ्यांना सांगून पाहा. माथा कोरा राहील, कड्याभोवती दाट काळा पट्टा येईल आणि पायथ्याकडे रेघा विरळ होत जातील. चित्र झकास दिसेल. पण 'माथा किती उंच?' या प्रश्नाला ते उत्तर देणार नाही. ते उत्तर समोच्च रेषा देतात. स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगरावर १७७४ मध्ये पृथ्वीची घनता काढण्याचा प्रयोग झाला. डोंगराचे वस्तुमान मोजताना चार्ल्स हटनने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडले. ही कल्पना सगळीकडच्या नकाशांत रुळायला मात्र बराच काळ जावा लागला.

तीच मोजणी आपल्याकडे

केंटचा नकाशा १८०१ चा. त्यानंतर एकाच वर्षाने, १० एप्रिल १८०२ रोजी, विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे पायारेषा मोजायला घेतली. हीच भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात. एक बाजू अत्यंत काळजीपूर्वक मोजायची, मग थिओडोलाइटने कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचे. इंग्लंडमध्येही विल्यम रॉय यांनी १७८४ मध्ये हाउन्स्लो हीथ येथे अशीच पायारेषा मोजली होती. लॅम्बटन यांचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. तो घेऊन उत्तरेकडे सरकत असताना २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले.

पेशवाई संपल्यावर या भागाची मोजणी वेगाने सुरू झाली. दक्षिण कोकणची मोजणी थॉमस बेस्ट जर्विस यांनी केली. १८२७ पासून ईस्ट इंडिया कंपनीने 'अ‍ॅटलस ऑफ इंडिया'ची पत्रके लंडनमध्ये छापायला सुरुवात केली. प्रमाण एक इंचाला चार मैल, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली अक्षरे आणि डोंगर उताररेघांनी दाखवलेले. परगण्याच्या नकाशाची भाषा अशी सह्याद्रीपर्यंत पोहोचली.

आज कोडोली भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ एल/१ या पत्रकावर येते. हा क्रमांक कसा आला, हा वर्गात करण्याजोगा हिशोब आहे. ४७ क्रमांकाचा चौकोन १६° ते २०° उत्तर अक्षांश आणि ७२° ते ७६° पूर्व रेखांश यांच्यामध्ये आहे. त्याचे एकेक अंशाचे १६ भाग करतात आणि वायव्य कोपऱ्यापासून स्तंभाप्रमाणे खाली येत त्यांना 'ए' ते 'पी' ही इंग्रजी अक्षरे देतात. मुंबई 'ए'मध्ये, पुणे 'एफ'मध्ये, तर १६° ते १७° उत्तर आणि ७४° ते ७५° पूर्व हा चौकोन 'एल'. त्याचे पुन्हा १५-१५ मिनिटांचे १६ भाग. कोडोली सुमारे १६° ५३' उत्तर आणि ७४° १२' पूर्व येथे असल्याने ती पहिल्याच भागात पडते. पन्हाळा आणि जोतिबाही त्याच पत्रकावर आहेत. कोल्हापूर शहर मात्र त्याखालच्या ४७ एल/२ वर जाते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठीच्या पत्रकांना वेगळे क्रमांक मिळाले. तरी जुने पत्रक शोधायचे तर हाच क्रमांक लागतो.

या परिसराची वेगवेगळ्या काळातली पत्रके शेजारी ठेवली तर इतिहास उलगडतो. कोडोलीच्या उत्तरेला वारणा नदी आहे. तिच्या कडेने जाणारी हद्दीची रेषा स्वातंत्र्यापूर्वी कोल्हापूर संस्थान आणि ब्रिटिश सातारा जिल्हा यांच्यामधली होती. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी दक्षिण सातारा, म्हणजे पुढचा सांगली, हा जिल्हा झाला. नदी तीच, रेषाही तीच, अर्थ मात्र बदलला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे केंद्र कोडोलीत आले. १९५० च्या दशकात वारणा सहकारी साखर कारखाना स्थापन झाला आणि गावालगत वारणानगर उभे राहिले. इंग्लंडच्या नकाशावर पवनचक्की जे सांगते, ते आपल्याकडे साखर कारखाना सांगतो. लोक काय पिकवतात आणि ते कुठे नेतात, हे त्यावरून कळते.

साखळी आणि गुंठा

आतापर्यंत पाहिलेले नकाशे दुरून पाहणारे होते. शेतकऱ्याच्या घरात वाद होतो तो मात्र गावनकाशावरून. ब्रिटिशपूर्व काळात जमीन काठीने मोजत आणि बिघा, चावर ही मापे असत. हद्द शब्दांत लिहीत. पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचे शेत, पश्चिमेस वडाचे झाड, अशी चतुःसीमा. मुंबई इलाख्यात १८३५ नंतर इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतवार मोजणीची नवी पद्धत बसवली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के झाले. पुढे कोल्हापूर संस्थानातही तीच पद्धत आली.

या मोजणीचे साधन म्हणजे ३३ फुटांची शंकूसाखळी. तिचे १६ आणे पाडलेले असत. इंग्लंडमध्ये एडमंड गंटर याने १६२० च्या सुमारास रूढ केलेली साखळी ६६ फुटांची होती. आपली साखळी तिच्या बरोबर अर्धी. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस घेतला तर क्षेत्र होते ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एक एकर. घरोघरी बोलला जाणारा गुंठा हा असा त्या साखळीचा चौरस आहे.

अनेक जुन्या गावनकाशांचे प्रमाण १ : ७९२० असे विचित्र दिसते. त्याचेही कोडे साखळीच सोडवते. एक इंचाला २० साखळ्या घेतल्या तर २० × ३३ × १२ = ७९२० इंच. म्हणजे मैलाला आठ इंच. परगण्याच्या एक इंची नकाशापेक्षा हा नकाशा लांबीत आठपट मोठा.

रेषेचा अधिकार

आता शीर्षकातल्या रेषेकडे येऊ. गावनकाशावर एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारा ग्रामीण रस्ता तुटक दुहेरी रेषेने दाखवतात. गाडीमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी १६½ ते २१ फूट मानतात. पायमार्ग टिंबटिंब रेषेने, रुंदी ८¼ फूट. या अपूर्णांकांचे मूळही साखळीतच आहे. १६½ फूट म्हणजे आठ आणे साखळी आणि ८¼ फूट म्हणजे चार आणे.

१ : ७९२० या प्रमाणात १६½ फुटांचा रस्ता कागदावर किती जाड येईल? १९८ इंच भागिले ७९२०, म्हणजे इंचाचा चाळिसावा भाग, जेमतेम ०.६ मिलिमीटर. एक इंची नकाशावर तर तो ०.०८ मिलिमीटरच होईल आणि दिसणारही नाही. म्हणून नकाशावरच्या रेषेची जाडी मोजून रस्त्याची रुंदी काढायची नसते. रस्त्याची जागा प्रमाणात असते, रुंदी मात्र चिन्हाच्या जातीवरून कळते. हा फरक विद्यार्थ्यांना नीट समजला तर सांकेतिक चिन्हांचा निम्मा धडा समजला.

आणि हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. उसाच्या पट्ट्यात तोडणीच्या वेळी ट्रॅक्टर फडापर्यंत पोहोचला नाही तर ऊस वाळतो आणि वजन घटते. बांध सरकत सरकत पाणंद अरुंद होते, मग ती बंद होते, मग 'इथे वाट नव्हतीच' असे म्हटले जाते. अशा वेळी तहसीलदारांपुढे गावनकाशाची प्रत ठेवली जाते. तिथे रेषा तुटक आहे की टिंबटिंब, यावर गाडी जाणार की माणूस, याचा निवाडा बराचसा अवलंबून राहतो. अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. बांधावरून वाट मिळण्याची तरतूद १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये आहे.

इंग्लंडमध्येही असेच घडले. १९४९ च्या कायद्याने तेथे सार्वजनिक पाऊलवाटांचे अधिकृत नकाशे तयार करायचे ठरले. एखादी वाट जुनी आहे की नाही असा वाद निघाला की ग्रीनवुडसारख्यांचे परगण्याचे नकाशे पुराव्यात दाखवले जातात. एकटा नकाशा सहसा पुरत नाही, कारण रस्ता नकाशावर असणे म्हणजे तो सार्वजनिक असणे नव्हे. इतर कागद जोडावे लागतात. पण प्रवाशाच्या सोयीसाठी कोरलेली रेषा दोनशे वर्षांनी चालणाऱ्याच्या हक्काची साक्ष देते, हे खरे.

या नकाशांवरची माळरानेही पाहण्याजोगी आहेत. गावाच्या सामाईक चराईच्या या जमिनी कायदे करून कुंपणात घेतल्या गेल्या. कित्येक ठिकाणी त्यांची खूण आता जुन्या नकाशावरच राहिली आहे. आपल्या गावनकाशावरचे गायरान आणि आजचे गायरान यांची तुलना करताना हे लक्षात ठेवावे.

वर्गासाठी

गावनकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते. ती मिळवून विद्यार्थ्यांचे चार गट करावेत. प्रत्येक गटाने नकाशावरची एक वाट निवडून शिवारात ती चालून पाहावी. ती आहे का, किती रुंद आहे, कुठे अडली आहे, हे लिहावे. कोणाच्या बांधावर बोट दाखवायचे नाही, फक्त नोंद करायची. साखळी नसेल तर ३३ फुटांची सुतळी घ्यावी आणि तिला १६ सारख्या गाठी माराव्यात.

दुसरे काम उलट दिशेचे. गावात आहे पण नकाशावर नाही, अशा गोष्टींची यादी करावी. बायका पाण्याला जातात ती वाट, बाजाराची जागा, मेंढ्या बसवण्याचे शेत, पोरांचा पोहण्याचा डोह. मग त्यांना स्वतः चिन्हे द्यावीत आणि नकाशाच्या कोपऱ्यात आपली 'स्पष्टीकरणा'ची चौकट आखावी. कोणत्या गोष्टीला चिन्ह द्यायचे यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. दोनशे वर्षांपूर्वी परगण्याचा नकाशा काढणाऱ्यांनाही हेच ठरवावे लागले होते, फक्त तेव्हा गावाला कोणी विचारले नव्हते.