दुर्मीळ सायकलींचा जीर्णोद्धार

दुर्मीळ सायकलींचा जीर्णोद्धार ही उत्पादन बंद झालेल्या आणि मोजक्या संख्येने उरलेल्या जुन्या सायकलींना त्यांच्या मूळ स्वरूपाच्या शक्य तितके जवळ नेण्याची प्रक्रिया आहे. शर्यतीच्या किंवा लांब पल्ल्याच्या हलक्या सायकलींच्या बाबतीत, जीर्णोद्धार करावा की सायकल आहे त्या स्थितीत जपावी, हा निर्णय प्रत्यक्ष कामाइतकाच महत्त्वाचा ठरतो. एकदा खरवडून काढलेला मूळ रंग, मुलामा व कारखान्यातील चिन्हे पुन्हा मिळवता येत नाहीत.

संज्ञा

जुन्या सायकलीवर केलेल्या कोणत्याही कामास व्यवहारात 'रिस्टोरेशन' म्हटले जाते. तथापि त्यात तीन भिन्न गोष्टींचा समावेश होतो. संवर्धनात झीज व गंज थांबवला जातो आणि मूळ भाग, रंग व वापराच्या खुणा राखल्या जातात. दुरुस्तीत सायकल चालवण्याजोगी केली जाते. त्यासाठी नवे भाग बसवले तरी चालतात. जीर्णोद्धारात सायकल एखाद्या ठरावीक काळातील स्वरूपात परत नेली जाते आणि त्यासाठी नंतरच्या काळातील बदल काढून टाकले जातात.

जुन्या मोटारींच्या क्षेत्रात हा भेद ट्यूरिन सनदेत स्पष्ट केलेला आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ती २०१२ साली स्वीकारली. कमीत कमी हस्तक्षेप, शक्य तेथे उलटवता येण्याजोगे बदल आणि केलेल्या कामाची लेखी नोंद ही तिची सूत्रे आहेत. सनद इंजिनाच्या वाहनांसाठी असली, तरी तिची सूत्रे सायकलींनाही लागू पडण्याजोगी आहेत.

पार्श्वभूमी

भारतात सायकल निर्मितीचे मोठे कारखाने प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या मध्यास उभे राहिले. टी.आय. सायकल्स (१९४९), सोनिपतची अ‍ॅटलस (१९५१) आणि लुधियानाची हीरो (१९५६) हे त्यांपैकी प्रमुख होत. मुंबईतील हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या कंपन्यांचे १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले. या कारखान्यांचा भर दूधवाले, पोस्टमन, कामगार व विद्यार्थी यांच्या उपयोगाच्या, २८ इंची चाकांच्या जड सायकलींवर होता. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी बनावटीच्या हलक्या सायकली थोड्याच आल्या. बोरघाटाच्या चढणीमुळे प्रसिद्ध असलेल्या मुंबई–पुणे शर्यतीसारख्या स्पर्धांसाठी खेळाडू त्या मिळवीत व वर्षानुवर्षे वापरीत. त्यामुळे महाराष्ट्रात सापडणाऱ्या अशा सायकलींमध्ये मूळ भागांबरोबर स्थानिक कारागिरांनी बसवलेले भागही आढळू शकतात.

निर्णयापूर्वीची तपासणी

ओळख : फ्रेमवरील क्रमांक, सांध्यांची घडण, नळ्यांवरील चिकटचित्रे आणि भागांवरील शिक्के यांवरून सायकलीचा काळ ठरवता येतो. इंग्लंडमधील रेनॉल्ड्स कंपनीची '५३१' नळी १९३५ साली बाजारात आली. त्यामुळे तिची मूळ खूण असलेली फ्रेम त्यापूर्वीची असू शकत नाही. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या अनेक गिअर-हबांवर निर्मितीचे वर्ष कोरलेले असते. मात्र चाक नंतर बदललेले असू शकते. म्हणून एकाच पुराव्यावर काळ ठरवणे धोक्याचे असते. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका पूर्वी सायकलीवर कर आकारून धातूचा बिल्ला देत. असा बिल्ला सायकलीवर शिल्लक असल्यास तो तिच्या इतिहासाचा महत्त्वाचा पुरावा ठरतो.

फ्रेमची अवस्था : हलक्या नळ्यांची जाडी टोकांकडे अधिक व मध्यभागी कमी असते. '५३१' प्रकारच्या काही नळ्यांमध्ये ती मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास असते. अशा नळीत आतून खोल गंज चढलेला असल्यास बाहेरून चकाकणारी फ्रेमही चालवण्यास असुरक्षित असते. फोर्कचा माथा, खालच्या नळीचा पुढील सांधा आणि पॅडलच्या आसाभोवतीचा भाग येथे भेगा व वाक प्रथम पाहिले जातात. पोलादी नळीत अ‍ॅल्युमिनिअमची सीटपोस्ट अडकून बसल्यास ती जबरदस्तीने पिळल्याने फ्रेमच निकामी होऊ शकते.

आटे : ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममध्ये पॅडलच्या आसाचा चेनकडील कप उलट आट्यांचा, तर इटालियन पद्धतीत दोन्ही कप सुलट आट्यांचे असतात. ब्रिटिश मापात इंचास २४ आटे असले, तरी रॅले कंपनीच्या अनेक सायकलींत ते २६ होते. माप न पाहता दुसरा कप बसवल्यास फ्रेममधील मूळ आटे नष्ट होतात.

पर्यायांची निवड

मूळ रंगाचा बराचसा भाग शिल्लक असल्यास सहसा संवर्धनास प्राधान्य दिले जाते. सौम्य साबणाने धुणे, बेअरिंगमधील जुने ग्रीस व छर्रे बदलणे, सुट्या गंजावर हलके तेल चोळणे आणि कातडी सीटला योग्य मलम लावणे एवढ्यावर काम थांबते. टायर, ट्यूब, केबल व ब्रेकचे रबर हे झिजणारे भाग असल्याने ते बदलल्यास मूल्य घटल्याचे मानले जात नाही. मात्र जुने भाग जपून ठेवले जातात.

फ्रेम पूर्वीच दुसऱ्या रंगाने रंगवलेली असल्यास, गंज नळीत खोल उतरत असल्यास किंवा सांधा तुटलेला असल्यास पूर्ण जीर्णोद्धाराचा पक्ष बळकट होतो. अशा वेळीही वाळूचा जोरदार मारा टाळला जातो, कारण त्याने पातळ नळ्या व सांध्यांच्या धारदार कडा झिजतात. पावडर कोटिंग टिकाऊ असले, तरी त्याच्या जाड थराखाली सांध्यांची नक्षी व कोरलेले क्रमांक बुजू शकतात. म्हणून हलक्या सायकलींसाठी पातळ थरांचा द्रवरूप रंग अधिक योग्य समजला जातो.

जीर्णोद्धाराचा खर्च सायकलीच्या बाजारमूल्याहून अधिक होऊ शकतो. घराण्यातील व्यक्तीची आठवण म्हणून जपलेल्या सायकलीस हा निकष लागू होत नाही. तेथे हँडलवरील झीज किंवा हाताने रंगवलेले नाव हेच जतनाचे कारण असते.

कोल्हापूर परिसर

कोल्हापुरात या निर्णयावर हवामानाचा प्रभाव पडतो. दीर्घ पावसाळ्यातील दमट हवेने रंग उडालेल्या पोलादावर लवकर गंज चढतो. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी वस्त्यांत शिरले होते. पुरात बुडालेल्या सायकलीच्या नळ्यांत व हबमध्ये गाळ साचतो. ती बाहेरून स्वच्छ दिसली, तरी पूर्ण उघडून वाळवणे आवश्यक असते. अशा सायकलीच्या बाबतीत काहीही न करता ती तशीच ठेवणे, म्हणजे हळूहळू ती गमावणे होय.

दुसरीकडे, ओतकाम व यंत्रकामाची परंपरा असलेल्या या शहरात शिवाजी उद्यमनगरसारख्या भागांतील लेथ-कारागिरांकडून दुर्मीळ कप, आस किंवा कॉटर नमुन्यावरून घडवून घेणे शक्य असते. असे नवे भाग ओळखता यावेत यासाठी त्यांवर खूण करणे इष्ट मानले जाते. जुने वाहन चालते ठेवूनही जपता येते, याचे उदाहरण शहरातच आहे : छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसऱ्याच्या सीमोल्लंघन सोहळ्यासाठी रस्त्यावर आणली जाते.

नोंद व प्रदर्शन

काम सुरू करण्यापूर्वी सर्व बाजूंची छायाचित्रे, भागांची यादी, मापे आणि पूर्वीच्या मालकांकडून मिळालेली माहिती लिहून ठेवली जाते. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पिशवीत जपला जातो, जेणेकरून पुढील मालकास निर्णय बदलण्याची मुभा राहते. पुण्यातील कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय २०१७ पासून सुरू असून, तेथे निरनिराळ्या काळांतील सायकली एकत्र पाहून तुलना करता येते.