कौटुंबिक छळाच्या गुन्ह्यांतील शिक्षेविरुद्ध अपील

कौटुंबिक छळाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीने, झालेली शिक्षा अवाजवी असल्याच्या कारणावरून वरिष्ठ न्यायालयाकडे मागितलेली दाद म्हणजे शिक्षेविरुद्धचे अपील होय. दोषसिद्धी मान्य करूनही केवळ शिक्षेच्या प्रमाणाला आव्हान देता येते.

शिक्षेची मर्यादा

पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेचा छळ करणे हा गुन्हा १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ म्हणून समाविष्ट झाला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. कमाल शिक्षा ३ वर्षे कारावास व दंड अशी असून किमान शिक्षा ठरवलेली नाही. हुंडाबळीसाठी मात्र किमान ७ वर्षे कारावास ते जन्मठेप अशी तरतूद आहे.

प्रक्रिया

बोर्डी (ता. डहाणू, जि. पालघर) येथील कलम ८५ खालील खटला डहाणूच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालयात चालतो. त्याच्या निकालाविरुद्ध ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. अपील प्रलंबित असताना शिक्षेला स्थगिती व जामीन मागता येतो. कैद्याला तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही अपील दाखल करता येते. महिला, अनुसूचित जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. वारली व अन्य आदिवासींची मोठी वस्ती असलेल्या डहाणू व तलासरी तालुक्यांत ही तरतूद आरोपी व पीडिता या दोघांनाही उपयोगी पडते.

न्यायालयीन निर्णय

हेमचंद विरुद्ध हरियाणा राज्य (१९९४) या हुंडाबळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कमी करून १० वर्षांचा कारावास दिला. हुंडाबळीच्या प्रत्येक प्रकरणात जन्मठेप देणे योग्य नाही, असे मत न्यायालयाने नोंदवले. रवींद्र त्र्यंबक चौथमल विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९६) या खटल्यात पत्नीच्या खुनाबद्दल पतीला झालेली फाशी जन्मठेपेत बदलली. हुंड्यापायी होणारे मृत्यू आता दुर्मिळ राहिलेले नाहीत, हे त्यामागचे एक कारण होते. मात्र पुरावा नष्ट केल्याबद्दलची ७ वर्षांची सक्तमजुरी जन्मठेपेसोबत न भोगता स्वतंत्रपणे भोगावी, असा आदेशही न्यायालयाने दिला.

मर्यादा

आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी राज्य शासनाने स्वतंत्र अपील करावे लागते. केवळ शिक्षा अपुरी असल्याच्या कारणावरून पीडितेला अपील करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.