सोप्याची पायरी

कोल्हापूरकडच्या घराचा दर्शनी भाग म्हणजे सोपा. पाहुण्याला घोंगडे तिथेच अंथरले जाते, सोयरिकी तिथे ठरतात, तंटे तिथे मिटतात. घर आणि गाव यांची गाठ सोप्यावर पडते. म्हणूनच गावाने आपल्याला कुठे उभे केले, याचा पुरावा सोप्याच्या पायरीवर सापडतो. सांगावा घेऊन आलेला महार खाली अंगणात उभा राहून जोहार घाली. भाकरी वरून पडे. वळचणीला खोचलेली कपबशी त्याच्यापुरती वेगळी असे. शाळेनेही हाच कित्ता गिरवला : सवर्णांची मुले आत, अस्पृश्यांची ओसरीत.

राजर्षी शाहूंनी १९१८ साली संस्थानातील महार वतन मोडले. १९१९ साली पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने सर्वांना खुले करण्याचे हुकूम काढले आणि अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात ते स्वतः चहा प्याले. राजा पायरी उतरला, ही साधी गोष्ट नव्हती.

परंतु हुकूम चावडीपर्यंत पोचतो, सोप्यावर चढत नाही. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यानेही दुकान, हॉटेल, देऊळ, पाणवठा उघडला. खाजगी सोपा मालकाच्या मनावर राहिला. हॉटेलात एका बाकावर बसणारे दोघे घरी एका घोंगड्यावर बसतात काय? समतेचा हिशेब मांडताना आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल.