वरवट बकालची धावपट्टी

गेल्या शनिवारी माळ्यावरची जुनी बॅग आवरताना एक कॅसेट सापडली. लेबलवर मामाच्या अक्षरात लिहिलेलं : 'फायटर पायलट – आवाज ७'. बायकोला वाटलं, कुठल्यातरी गाण्यांचा सातवा भाग असेल. :) पण तो सात म्हणजे टेपरेकॉर्डरचा आवाज नेमका कितीवर ठेवायचा त्याचा आकडा. सहावर ठेवला तर विमान लोड व्हायचं नाही, आठवर ठेवला तरी नाही.

आता तुम्ही म्हणाल, टेपरेकॉर्डरचा आणि विमानाचा काय संबंध? तर मंडळी, आजचा वीकेंड त्याच्यासाठीच.

माझं आजोळ वरवट बकाल. बुलढाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका. शेगावला रेल्वेतून उतरायचं आणि एस्टीने पुढे जायचं. उत्तरेला सातपुडा दिसतो आणि मे महिन्यात बाकी काही दिसत नाही, कारण डोळे उघडत नाहीत इतकं ऊन असतं. १९८९ च्या उन्हाळ्यात पुण्याला नोकरी करणारा मामा महाराष्ट्र एक्स्प्रेसने आला, तो आंब्याच्या पेटीएवढं एक खोकं घेऊन. आत काळ्या रंगाचा एक कीबोर्ड. आम्ही पोरं वाट बघत बसलो की आता कॉम्प्युटर कधी काढतो. मामा म्हणाला, हाच कॉम्प्युटर.

ते यंत्र म्हणजे 'डीबी स्पेक्ट्रम प्लस'. त्याची कथा सांगण्यासारखी आहे. क्लाईव्ह सिंक्लेअरच्या कंपनीने १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम नावाचा घरगुती कॉम्प्युटर काढला. रबरी बटणं, स्वस्त किंमत, आणि घरातला टीव्ही हाच मॉनिटर. तिकडची एक अख्खी पिढी त्याच्यावर प्रोग्रॅमिंग शिकली. १९८४ मध्ये प्लास्टिकच्या बटणांचा 'स्पेक्ट्रम प्लस' आला. १९८६ मध्ये सिंक्लेअरने कॉम्प्युटरचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅडला विकून टाकला. आणि १९८८ मध्ये, म्हणजे तिकडे या यंत्राचे भराचे दिवस सरल्यावर, पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन तेच यंत्र भारतात आणलं. असे काही हजार कॉम्प्युटर इथे विकले गेले. त्यातला एक आमच्या मामाने घेतला आणि तो वरवट बकालच्या ओसरीत येऊन बसला.

ओसरीत टीव्ही होता. रामायण बघायला म्हणून घेतलेला, ब्लॅक अँड व्हाईट, उंच बांबूवर अँटेना. मामाने अँटेनाची वायर काढून कॉम्प्युटरची जोडली तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला, "मंग बातम्या कशा लागतीन?" दुसरा प्रश्न तिने आठवडाभराने विचारला. त्याच्याकडे येतोच.

आधी लोडिंग. या यंत्राला डिस्क नव्हती. प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेला असायचा. टेपरेकॉर्डर वायरने जोडायचा, कीबोर्डवर लोडची आज्ञा द्यायची (पूर्ण शब्द टाईप करावा लागत नसे, 'जे' चं बटण दाबलं की अख्खा शब्द उमटायचा), पुढे दोन अवतरणचिन्हं, एंटर, आणि कॅसेट सुरू. आधी 'पीईई' असा लांब सूर, मग 'खर्रर्र'. तुमच्यापैकी ज्यांनी डायलअप मोडेम ऐकलाय त्यांना अंदाज येईल. पडद्याच्या कडेने पट्टे पळायचे. रंगीत टीव्हीवर ते लाल-आकाशी आणि निळे-पिवळे दिसतात, आमच्याकडे राखाडी आणि जास्त राखाडी.

वेग सेकंदाला साधारण १५०० बिट. ४८ केबी म्हणजे ३,९३,२१६ बिट. भागाकार करून बघा, साडेचार मिनिटांच्या आसपास उत्तर येतं. ही साडेचार मिनिटं घरात कर्फ्यू असे. "कोनी उठू नोका रे. कोनी हात नोका लाऊ," मामा बजावायचा. कॅसेटच्या हेडचा कोन केसभर जरी चुकला तरी शेवटी 'टेप लोडिंग एरर' यायचं. मग बारीक स्क्रू ड्रायव्हरने हेडचा स्क्रू किंचित फिरवायचा, कॅसेट रिवाइंड करायची, आणि परत साडेचार मिनिटं. हे सगळं जमून आलं की चौथ्या मिनिटाला लाईन जायची. लाईन गेली की मेमरी कोरी. आज सर्व्हरवर डिप्लॉयमेंट अडकलं की टीममधली पोरं वैतागतात, तेव्हा मला ओसरी आठवते आणि मी शांतपणे चहा घ्यायला जातो.

'फायटर पायलट' हा प्रोग्रॅम १९८३ मध्ये डिजिटल इंटिग्रेशन या ब्रिटिश कंपनीने काढला. लिहिणारे डेव्हिड मार्शल. हा माणूस नुसता गेम लिहिणारा नव्हता, फार्नबरोच्या सरकारी विमान संशोधन संस्थेत त्याने काम केलेलं. आणि ते प्रोग्रॅममध्ये दिसतं. विमान एफ-१५. पडद्याच्या खालच्या भागात कॉकपिटमधली उपकरणं, वरच्या भागात काचेतून दिसणारं जग. धावपट्टीवर उभं राहायचं, इंजिनाचा जोर वाढवायचा, ब्रेक सोडायचा, पुरेसा वेग आला की नाक वर करायचं, मग चाकं आत घ्यायची, फ्लॅप्स आत घ्यायचे. शत्रूचं विमान वगैरे होतं, पण आम्ही तिथपर्यंत पोचायला पंधरा दिवस लागले. कारण उडणं सोपं, उतरणं महाकठीण!

त्याचं कारण मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. पंखांवरची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग निम्मा केला तर उचल निम्मी होत नाही, पाव होते. उतरताना वेग कमी तर करायलाच हवा, पण उचल टिकवायची म्हणून नाक वर आणि फ्लॅप्स बाहेर. नाक फार वर गेलं की पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. आम्ही घाबरून नेमकं तेच करायचो. जमीन जवळ आली की नाक वर!

पहिलं लँडिंग केलं ते मी नाही, मामाने तर नाहीच नाही. शेजारचा एक पोरगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, शाळा सुटली की बैलगाडी हाकणारा. तो दारात उभा राहून चार दिवस नुसता बघत होता. त्याला बारी दिली तर त्याने खूप लांबूनच वेग कमी करायला सुरुवात केली आणि बटणं अगदी हळूहळू दाबली. विमान टेकलं. आम्ही अवाक. तो म्हणाला, "झटका देल्लावर बैल तरी वयते का?" माझ्या प्रोग्रॅमिंगच्या आयुष्यात फीडबॅक सिस्टीमवर ऐकलेलं हे पहिलं लेक्चर.

आता थोडं आतलं गणित, कारण त्याशिवाय आजीचा प्रश्न कळणार नाही. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड-८०, वेग साडेतीन मेगाहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ३५ लाख टिकटिक, आणि एका साध्या सूचनेला किमान चार टिकटिक लागणार. त्याला गुणाकार येत नाही! खरंच, झेड-८० मध्ये गुणाकाराची सूचनाच नाही. बेरजा आणि बिट सरकवणं यातूनच गुणाकार रचावा लागतो. विमान कलंडलं की क्षितिज तिरकं काढायचं, त्याला साईन-कोसाईन लागणार, म्हणून त्यांचे तक्ते आधीच मेमरीत ठेवायचे. मेमरी ४९,१५२ बाइट. त्यातले ६,९१२ पडदाच खातो. उरले ४२,२४०. हा तुम्ही वाचताय तो लेख युनिकोडमध्ये साठवला तर त्यातली निम्म्याहून जास्त जागा एकटा खाईल. एवढ्या जागेत इंजिन, पंख, वारा, रडार, शत्रू, नकाशा, धावपट्ट्या सगळं बसवलेलं.

मग बसवलं नाही काय? जमीन. म्हणजे जमिनीवरचं काहीही. क्षितिजाची रेघ, धावपट्टी, मोजक्या खुणा, बस. बाकी सगळं सपाट.

आजी सुपात गहू निवडता निवडता हे बघत असायची. आमचं विमान दर पाच मिनिटांनी कोसळायचं, आम्ही ओरडायचो, परत सुरू करायचो. एक दिवस तिने विचारलं, "काऊन रे, हे इमान पडते तं कोनाच्या वावरात पडते?"

"आजी, त्याच्यात वावर नाहीच ना," मी म्हणालो.

"मंग खाली कोनी राहतच नाई का?"

आम्ही सगळे खूप हसलो. मामाने तिला ४८ केबी म्हणजे काय ते समजावायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "बरं बाप्पा," आणि गहू निवडत राहिली.

हा किस्सा मी पुढे कित्येक वर्षं हॉस्टेलवर, ऑफिसात विनोद म्हणून सांगितला. सांगणं बंद झालं ते २०१२ मध्ये.

त्याची पार्श्वभूमी अशी. मिग-२१ आपल्या हवाई दलात १९६३ मध्ये आलं, आणि पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात शेकडोंनी बनलं. आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान, छोटे त्रिकोणी पंख. छोटे पंख म्हणजे उचल कमी, म्हणजे (वरचं गणित आठवा) उतरताना वेग जास्त ठेवावाच लागणार, ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. आपले नवे वैमानिक संथ 'किरण' विमानावर शिकून थेट याच्यावर जायचे. मधली पायरीच नव्हती. ही मधली पायरी म्हणजे प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली होती. मजा बघा, म्हणजे मजा नाहीच, पण ज्या वर्षी स्पेक्ट्रम बाजारात आला त्याच वर्षी. 'हॉक' विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि विमानं दाखल झाली २००८ मध्ये. सव्वीस वर्षं. तेवढ्यात स्पेक्ट्रम आला, गाजला, संपला आणि संग्रहालयात जाऊन बसला.

या सव्वीस वर्षांतलंच एक नाव, फ्लाईट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ. सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानात सुरतगडहून रात्रीच्या उड्डाणाला निघालेलं त्याचं मिग-२१ कोसळलं. आईवडील कविता आणि अनिल गाडगीळ यांनी विमानांच्या सुरक्षिततेचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न नंतर वर्षानुवर्षं लावून धरला. बातम्या मी तेव्हा वाचायचो. माझ्याच पिढीतला मुलगा, मराठी घरातला. मलाही वैमानिक व्हायचं होतं, नववीत चष्मा लागला आणि विषय संपला. त्यामुळे त्या बातम्या वाचताना मी नेहमी कॉकपिटमध्येच बसलेला असायचो. काय चुकलं असेल, वेग किती असेल, नाक किती वर असेल. मे महिन्यातल्या ओसरीतलाच खेळ, फक्त इथे परत सुरू करायचं बटण नव्हतं.

मग मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत आकडे दिले. हवाई दलाने घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली. १७१ वैमानिक, इतर दलांतले ८ जण, आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले.

३९ नागरिक. ऑफिसात दुपारी डबा खाताना हे वाचलं आणि घास तसाच राहिला. खाली कोणी राहतच नाही का? राहतात की. आजीने २३ वर्षांपूर्वी विचारलेलं, आणि ओसरीतल्या तिच्या एकटीलाच हे सुचलं होतं, कारण तिचं वावर होतं. आम्हाला फक्त काचेतून पुढचं दिसत होतं. आजी २००३ मध्येच गेली होती, त्यामुळे हसलो त्याबद्दल तिला काही सांगायचं राहून गेलं.

मार्शलसाहेबांचा दोष नाही हो यात. ४२ हजार बाइटमध्ये त्यांनी जे केलं त्याला आजही मी सलाम करतो. सिम्युलेटर लिहिणाऱ्याला काहीतरी वगळावंच लागतं, ते त्याला माहीतही असतं. आपल्याला मात्र खेळता खेळता विसर पडतो की काहीतरी वगळलंय. आपण ऑफिसात जी मॉडेल्स बनवतो, ट्रॅफिकची, कर्जाची, डिलिव्हरीची, त्यांतही मेमरीत न बसलेलं कोणीतरी असतंच. आता तर मेमरीची सबबही उरलेली नाही. हल्ली डिझाईन रिव्ह्यूमध्ये मी एक प्रश्न न चुकता विचारतो : हे पडलं तर कोणाच्या वावरात पडेल? टीममधल्या पोरांना वाटतं मी वऱ्हाडी विनोद करतोय. वाटू दे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. तो सोहळा मी फोनवर पाहिला. त्याच फोनवर झेडएक्स स्पेक्ट्रमचा एम्युलेटर आहे, आणि त्यात 'फायटर पायलट' एका सेकंदात लोड होतं.

असो. तर शनिवारी कॅसेट सापडली. टेपरेकॉर्डर नाही, त्यामुळे ती नुसतीच टेबलावर ठेवली आणि एम्युलेटर लावला. मुलगी शेजारी बसली. तिने पहिल्या तीन वेळा जमीन जवळ येताच नाक वर केलं आणि पडली. चौथ्या वेळेला मी तिला बैलगाडीवाल्याची युक्ती सांगितली. लांबूनच वेग कमी, बोटं हलकी. धावपट्टीच्या थोडं अलीकडे टेकलं, पण टेकलं.

दिवाळीत तिला वरवट बकालला घेऊन जायचं ठरवलंय. ओसरी अजून आहे. चला, सोमवार आलाच.