राण्यांची बंडे (गोवा)

सत्तरी महाल व त्याला लागून असलेल्या साखळी-डिचोली भागातील राणे घराण्याने एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध केलेले सशस्त्र उठाव. त्यांतील तीन मोठे : दिपाजी राणे (1852–55), कुष्टोबा राणे (1869–71) व दादा राणे (1895–97).

डिचोली, सत्तरी आणि पेडणे हा मुलूख 1781 ते 1788 या काळात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला. त्याआधी घेतलेल्या मुलखात, म्हणजे जुन्या काबिजादीत, बाटवाबाटवी झाली होती. या नव्याने मिळालेल्या मुलखात, म्हणजे नव्या काबिजादीत, मात्र धर्म, चालीरीती आणि वतने जशीच्या तशी राहतील, असा शब्द सरकारने दिला. सत्तरीत राणे मोकासदार, म्हणजे गावांच्या महसुलाचे वतनदार, होते. पुढे वतनांत ढवळाढवळ झाली, करांचा जाच वाढला, विजार घालण्याची सक्तीही आली. बंडांचे मूळ या मोडलेल्या शब्दात शोधले पाहिजे. सगळेच वतनदार उठले असे मात्र नाही. पेडण्याच्या देशप्रभूंनी राजवटीशी जुळवून घेतले आणि व्हिस्काउंट हा किताब मिळवला.

दिपाजींनी 26 जानेवारी 1852 रोजी वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला घेतला. पाठीशी सह्याद्रीचे रान आणि घाट चढला की इंग्रजी हद्द, त्यामुळे फौजेला बंडखोर हाती लागत नसत. साडेतीन वर्षांनी, 1855 मध्ये, सरकारला तडजोड करावी लागली. कुष्टोबा 1871 मध्ये मारले गेले. लोकगीतांत त्यांचे नाव उरले.

1895 चे बंड सुरू झाले ते सैन्यात. मोझांबिकमधील गाझाचा राजा गुंगुन्याना याच्याविरुद्धच्या लढाईसाठी गोव्यातील मराठा शिपायांना आफ्रिकेला धाडण्याचा हुकूम निघाला. समुद्र ओलांडायचा, तर मागे बायकामुलांचे काय, याची हमी त्यांना मिळेना. सप्टेंबरात शिपाई हत्यारांसह नाणूसला गेले आणि दादा राणे त्यांना मिळाले. एका वसाहतीतील माणसे दुसरी वसाहत चिरडायला नेण्याच्या खटाटोपातून हे बंड पेटले, ही बाब गोव्याच्या इतिहासात पुरेशी ठळकपणे मांडली जात नाही. ते मोडण्यासाठी लिस्बनहून पोर्तुगालच्या राजाचा भाऊ दों आफोंसु फौज घेऊन आला. दादांना तिमोरला हद्दपार करण्यात आले.

अमेरिकेतील गुलामांच्या उठावांशी तुलना केली की फरक कळतो. साउथ कॅरोलायनात 1739 मध्ये स्टोनो नदीकाठी उठलेले गुलामही सरहद्दीकडे, स्पॅनिश फ्लोरिडाच्या दिशेने निघाले होते. ते चिरडले गेले आणि 1740 च्या कायद्याने गुलामांना एकत्र जमण्याची, लिहायला शिकण्याची, स्वतःसाठी धान्य पिकवण्याचीही बंदी झाली. राण्यांकडे जमीन व हत्यारे होती, म्हणून 1855 मध्ये त्यांच्याशी बोलणी झाली.

त्या बोलण्यांत कुळांना जागा नव्हती. मोकासे टिकले, कसणाऱ्याच्या नावावर जमीन चढली नाही. 1961 च्या मुक्तीनंतरही सत्तरीतील मालकीहक्काचा प्रश्न धुमसत राहिला. जानेवारी 2021 मध्ये शेळ-मेळावलीच्या गावकऱ्यांनी आयआयटीच्या जागेला विरोध केला तो पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीसाठीच, आणि सरकारला तो प्रकल्प तेथून हलवावा लागला.