चाहत्याच्या हाती नको

श्रोतेहो, लोकांच्या जिवाभावाची गोष्ट पडद्यावर पुन्हा उभी करायची, तर ती कोणाकडे सोपवावी? तिच्या भक्ताकडे, असे तुम्ही म्हणाल. अमेरिकेतली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणीमालिका पाहा. १९६६ ते १९६९ चालली आणि बंद पडली. १९७९ साली तिचा पहिला चित्रपट आला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांच्यासारखा मातब्बर, खर्च सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर. गल्ला जमला, पण चित्रपट फार रेंगाळला.

दुसऱ्या खेपेला पैसा जवळजवळ पाव हिश्शावर आला आणि काम गेले निकोलस मेयर यांच्याकडे. हा गृहस्थ मुळात कादंबरीकार. पदरी दिग्दर्शनाचा एकच चित्रपट, आणि मालिकेशी ओळख जवळजवळ नाहीच! समोर पडलेल्या खर्ड्यांतले चांगले तेवढे वेचून त्यांनी १२ दिवसांत पटकथा लिहिली. अंतराळयानाला चक्क आरमारी जहाजाची शिस्त लावली. नायक कर्कला चष्मा लावला! भक्ताला हे धाडस झाले असते? मला नाही वाटत.

लाडका स्पॉक मरणार, ही कुणकुण लागताच चाहते खवळले. मेयरनी काय करावे? आरंभीच्या लुटुपुटीच्या लढाईत स्पॉकला पाडून लोकांना निर्धास्त केले, आणि शेवटी खरोखरच मारले. १९८२ चा हा ‘द रॅथ ऑफ खान’. पुढे १९९१ चा सहावा चित्रपटही त्यांच्याकडेच आला.